झटपट क्लोनिंग आणि क्लोनांची फौज : विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात मराठीतून विज्ञानकथा लिहिणाऱ्यांच्या वह्यांत एक कल्पना हमखास सापडते. एका शूर सैनिकाच्या पेशी घ्यायच्या, काचेच्या टाक्यांत त्याचे हजारो क्लोन वाढवायचे आणि महिन्याभरात फौज उभी करायची. कल्पना दमदार आहे. पण बहुतेक कथा टाकीचं झाकण उघडतं तिथे सुरू होतात आणि टाकीच्या आत काय घडलं हे लेखकानं ठरवलेलंच नसतं. असं तंत्र आज जगात कुठेही नाही, ते पूर्णपणे काल्पनिक आहे. तरीही त्याचा हिशोब लागला पाहिजे. वाढीचा वेळ कमी केला की त्याची किंमत उष्णता, ऑक्सिजन, हाडं, मेंदू यांपैकी कुणाला तरी मोजावी लागते. ती कुणी मोजली हे आधी ठरवा, कथा बहुधा तिथेच सापडते.

क्लोन म्हणजे मूळ माणसाची हुबेहूब प्रत का?

नाही. क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेला जुळा भाऊ. केंद्रकातली जनुकं दात्याची असतात, पण मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतली, ३७ जनुकं जिची अंडपेशी वापरली त्या स्त्रीकडून येतात. दिसणंसुद्धा शंभर टक्के सारखं नसतं. २००१ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये पहिलं क्लोन मांजर जन्मलं. दात्री मांजर तिरंगी होती, पिल्लू मात्र पांढरं आणि करड्या पट्ट्यांचं निघालं. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद होतं, आणि नारिंगी रंगाचं जनुक त्याच गुणसूत्रावर असतं. पिल्लू एकाच पेशीतून वाढलं, म्हणून त्यात नारिंगी उतरला नाही.

दात्याच्या आठवणी, नेमबाजी, शिस्त, देशावरची निष्ठा यातलं काहीही जनुकांतून येत नाही. हे सगळं कथेत हवं असेल तर त्यासाठी दुसरं काल्पनिक तंत्र लागेल. त्याबद्दल पुढे मेंदूच्या प्रश्नात लिहिलं आहे.

प्रत्यक्ष विज्ञान कुठवर आलं आहे?

जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंडपेशीत घालून बेडूक वाढवले. त्यांचा निबंध १९६२ चा आणि नोबेल २०१२ चं. एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ ला डॉली मेंढी जन्मली, ती १४ फेब्रुवारी २००३ पर्यंत जगली. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये ‘समरूपा’ हे म्हशीचं क्लोन पारडू जन्मलं. ते आठवड्याच्या आतच गेलं, पण त्याच वर्षी झालेली ‘गरिमा’ दोन वर्षांहून जास्त जगली. शांघायमध्ये झालेल्या दोन क्लोन माकडांची बातमी २०१८ च्या जानेवारीत आली. माणसाचा क्लोन जन्मल्याचा विश्वासार्ह पुरावा एकही नाही.

टाकीत काही ठेवण्याआधीच्या पायऱ्या कोणत्या? कुठे काय बिघडतं?

दात्याच्या त्वचेतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात आणि त्यातल्या पेशी बशीत वाढवतात. मग त्यांना उपाशी ठेवतात. डॉलीच्या वेळी पोषक द्रवातलं सीरम १० टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणून पाच दिवस तसंच ठेवलं होतं. उपासमारीनं पेशी विभाजन थांबवते आणि तिचं केंद्रक नव्या कामाला राजी होण्याची शक्यता वाढते.

दुसऱ्या बाजूला अंडपेशी. तिचा व्यास सुमारे ०.१ मिलिमीटर. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुईनं तिची गुणसूत्रं शोषून काढतात, दात्याची पेशी आवरणाखाली सरकवतात आणि विजेच्या हलक्या झटक्यानं दोन्ही एकजीव करतात. पाच-सहा दिवसांत शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा तयार होतो. तो गर्भाशयात सोडायचा, किंवा तुमच्या कथेत टाकीत. कर्नालमध्ये सुईच्या महागड्या यंत्राला फाटा दिला होता. अंडपेशीचं आवरण एन्झाइमनं विरघळवून बारीक पात्यानं गुणसूत्रांचा भाग हातानंच कापून टाकत. तुमच्या कथेतली प्रयोगशाळा गरीब, लपूनछपून चालणारी असेल तर ही पद्धत दाखवा, जास्त पटेल.

झटका जोरात बसला तर अंडपेशी फुटते, कमी पडला तर पेशी जुळत नाहीत. अंडपेशी काही तास जरी शिळी झाली तरी उपयोग संपतो. जुनी गुणसूत्रं अर्धवट राहिली तर संख्येचा गोंधळ होऊन गर्भ मरतो. पण सर्वांत मोठं अपयश डोळ्यांना दिसतच नाही. दात्याची पेशी त्वचेची होती, त्वचेची कामं सोडून बाकीची जनुकं तिनं कुलूपबंद केलेली असतात. ती कुलपं अंडपेशीनं काही तासांत उघडायची असतात, आणि बरीचशी उघडतच नाहीत. मग गर्भाला पोसणारी वार नीट बनत नाही, गर्भ अवाजवी फुगतो, पिल्लू जन्मतं पण श्वास घेत नाही. तुमचा काल्पनिक शोध बसवायचाच असेल तर इथे बसवा: सगळी कुलपं बिनचूक उघडणारं रसायन. ‘वाढीचं औषध’ सगळेच लिहितात.

दहा हजार शिपायांसाठी अंडपेशी किती लागतील?

डॉलीसाठी २७७ अंडपेशींत केंद्रकं बसवली, त्यातून २९ गर्भ वापरण्याजोगे निघाले आणि एक कोकरू जन्मलं. शांघायच्या माकडांसाठी ७९ गर्भ २१ माद्यांमध्ये ठेवले, दोन पिल्लं जगली. पहिल्या क्लोन कुत्र्यासाठी, २००५ मध्ये दक्षिण कोरियात, १,०९५ गर्भ १२३ कुत्र्यांमध्ये घातले होते. डॉलीच्या प्रमाणानं दहा हजार शिपायांना २७ लाख ७० हजार अंडपेशी लागतील. हार्मोनची इंजेक्शनं दहा-बारा दिवस दिल्यावर एका वेळी साधारण दहा अंडपेशी मिळतात असं धरलं तरी स्त्रियांवर पावणेतीन लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. त्या इंजेक्शनांनी बीजांडकोश अति सुजून जिवावर बेतू शकतं.

क्लोनांच्या फौजेच्या कथांमध्ये स्त्रिया जवळजवळ नसतातच, आणि आमच्या मते ही या कथाप्रकाराची सर्वांत मोठी चूक आहे. त्या लाखो अंडपेशी आल्या कुठून? सक्तीनं, पैशानं की फसवून? हा प्रश्न विचारणारं एकही पात्र कथेत नसेल तर कथा अपुरी आहे. त्यातून सुटण्याचा सभ्य मार्गही आहे. जपानमध्ये उंदराच्या मूलपेशींपासून अंडपेशी बनवल्या गेल्या आहेत. २०१२ मध्ये त्या पूर्ण पिकवायला उंदराच्या शरीराची मदत लागली होती, २०१६ मध्ये सगळं काम बशीतच झालं. तुमच्या कथेत हे माणसात साधलं आहे असं एका वाक्यात सांगा आणि पुढे जा.

एकच गर्भ कापत गेलं तर?

जमणार नाही. आठ पेशींच्या पुढे गेलेल्या गर्भातल्या एकेका पेशीतून पूर्ण जीव उभा करणं फारच कठीण होतं. नऊ पट्ट्यांच्या आर्मडिलोला नेहमी एकसारखी चार पिल्लं होतात, निसर्गाची मजल साधारण तिथवरच आहे.

टाकी केवढी आणि तिच्यात काय काय?

६० किलोच्या शरीराला हातपाय हलवायला जागा हवी, म्हणून ३०० लिटरची टाकी धरा. तापमान ३७ अंश. आतला द्रव गर्भजलासारखा खारट पण निर्जंतुक. अन्न आणि ऑक्सिजन नाळेतून थेट रक्तात.

टाकीतल्या द्रवातच साखर आणि प्रथिनं मिसळणं ही लेखकांची नेहमीची चूक. ३७ अंशाच्या गोड पाण्यात जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एक जिवाणू शिरला तर आठ तासांत चोवीस दुपटी, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाख. अन्न फक्त नाळेत, टाकीत नाही.

आज याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग फिलाडेल्फियात २०१७ मध्ये झाला. मुदतीआधीच्या कोकरांना द्रव भरलेल्या पिशवीत चार आठवड्यांपर्यंत जगवलं. तिथे रक्त फिरवायला पंप मुद्दाम लावला नव्हता, कोकराचं हृदयच रक्त ढकलत होतं. बाहेरच्या पंपाचा दाब चिमुकल्या हृदयाला झेपत नाही. इस्राएलमध्ये २०२१ मध्ये उंदराचे गर्भ काचेच्या फिरत्या बाटल्यांत पाचव्या दिवसापासून अकराव्या दिवसापर्यंत वाढवले. सुरुवात थोडी जमली, शेवट थोडा जमला, मधला पल्ला अजून कोणी ओलांडलेला नाही. तुमची टाकी तो ओलांडते, एवढं गृहीत धरायची मुभा कथेला आहे.

तीस दिवसांत पूर्ण वाढीचा माणूस का तयार होऊ शकत नाही? पेशी तर दुपटीनं वाढतात ना?

पेशींच्या संख्येचा हिशोब खरोखरच फसवा आहे. माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात. एका पेशीच्या ४५ दुपटी झाल्या की ३५ लाख कोटी होतात. दिवसाला एक दुप्पट धरली तर दीड महिन्यात काम झालं! म्हणून तीस दिवस पटकन खरे वाटतात. पण पेशींचा ढीग म्हणजे शरीर नव्हे, आणि ढीग करायलासुद्धा माल आणि इंधन लागतं.

मालाचा हिशोब असा. ६० किलोच्या माणसात साधारण ३६ किलो पाणी, १० किलो प्रथिनं, ९ किलो चरबी, १ किलो कॅल्शियम आणि अवघं ४ ग्रॅम लोह. वजन १ ग्रॅमनं वाढवायला सुमारे ५ किलोकॅलरी लागतात असं धरलं तर एकूण ३ लाख किलोकॅलरी झाल्या. त्यातल्या १ लाख ४० हजार शरीरात साठतात, उरलेल्या १ लाख ६० हजार उष्णता होऊन बाहेर पडतात. हे तीस दिवसांत उरकायचं तर शरीर जगवण्याचा नेहमीचा खर्च धरून प्रत्येक टाकीतून सरासरी ३३० वॅट उष्णता निघेल. थंड करणारी यंत्रणा बंद पडली की ३०० लिटरच्या टाकीचं तापमान तासाला जवळपास १ अंशानं चढेल आणि पाच तासांत ४२ अंश होईल. त्या तापात मेंदू वाचत नाही.

त्याआधी ऑक्सिजन संपेल. एवढ्या ज्वलनाला मिनिटाला सुमारे १ लिटर ऑक्सिजन लागतो, निजलेल्या माणसाच्या चौपट. पुरवठा तुटला तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. म्हणून कथेत वीज गेली की पहिला धोका ऑक्सिजनचा, उष्णतेचा नंतर. हा क्रम बऱ्याच कथांत उलटा असतो.

आता कॅल्शियम. तीस दिवसांत १ किलो म्हणजे रोज ३३ ग्रॅम. पाच लिटर रक्तात मिळून कॅल्शियम असतं फक्त ०.३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रक्तातलं सगळं कॅल्शियम दिवसातून सुमारे ११० वेळा हाडांत जाऊन पुन्हा भरलं गेलं पाहिजे. भरणा जरा मागे पडला की स्नायूंना पेटके येतात आणि हृदयाचा ताल बिघडतो. जरा पुढे गेला की मूत्रपिंडात खडे. शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फेट एकाच नळीतून दिले तर त्यांचा पांढरा साका बसतो आणि तो फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या बंद करतो. रुग्णालयात शिरेतून अन्न देतानाही हीच काळजी घ्यावी लागते. टाकीला दोन वेगळ्या नळ्या दाखवा. कथेतल्या घातपात्याला त्या दोन नळ्या एकत्र जोडणं पुरेसं आहे.

मग कमीत कमी किती वेळ धरला तर जाणकार वाचक मान डोलावेल?

एक वर्ष. हा आकडा हवेतला नाही. आखूड पाय लांब करण्याच्या इलिझारोव्ह पद्धतीत हाड कापून दोन तुकडे रोज १ मिलिमीटरनं दूर नेतात, तेही पाव-पाव मिलिमीटरच्या चार टप्प्यांत. त्याहून घाई केली तर नसा आणि स्नायू ताणले जातात, नवं हाड भरत नाही. नवजात बाळाची मांडी सुमारे ८ सेंटिमीटर लांबीच्या हाडावर उभी असते, प्रौढाची ४५ च्या. मधला फरक ३७ सेंटिमीटर, रोज १ मिलिमीटरनं ३७० दिवस. तीस दिवसांची अट घातली तर रोज १२ मिलिमीटर, आणि त्या ताणात मज्जातंतू तुटतील.

वर्षभराचा कार्यक्रम धरला की बाकीचे आकडेही माणसात येतात. टाकीची उष्णता ९५ वॅटच्या आसपास, ऑक्सिजन मिनिटाला पाव लिटरहून थोडा जास्त. कॅल्शियम रोज २.७ ग्रॅम लागतं, ते मात्र भर वयात येणाऱ्या मुलाच्या हाडांत जितकं साठतं त्याच्या आठ-नऊ पट. तेवढी सूट कथेनं घ्यावी.

याच्या आधीचे नऊ महिने वेगळे मोजा. गर्भात अवयवांची मांडणी होते आणि तिचा क्रम ओलांडता येत नाही. हृदय बनल्याशिवाय रक्त फिरत नाही, रक्त फिरल्याशिवाय यकृत वाढत नाही. फौजेची मागणी आल्यापासून पहिली तुकडी बाहेर यायला पावणेदोन वर्षं लागतील. सेनापती हे ऐकून चिडेल, त्याला चिडू द्या.

तरंगत वाढलेल्या शरीराची हाडं टिकतील का?

नाही, व्यायाम दिल्याशिवाय नाही. अंतराळवीरांच्या खुब्यातली हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्यानं उतरते. आईच्या पोटात जे बाळ हालचाल करू शकत नाही त्याचे सांधे जखडलेले असतात. म्हणून टाकीत रबरी पट्टे हवेत, हातापायांना ताण देणारे, आणि स्नायूंना ठरावीक वेळानं विजेची हलकी टोचणी.

वाढ वेळेवर थांबवायची कशी?

शरीरात याचा ब्रेक आहेच. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते, उंची तिथे वाढते. इस्ट्रोजेन मिळालं की ती पट्टी हाड बनून बंद होते. मुलग्यांमध्येसुद्धा हे काम इस्ट्रोजेनच करतं, टेस्टोस्टेरॉनपासून बनलेलं. अकराव्या महिन्यात नाळेतून इस्ट्रोजेन द्या. उशीर झाला तर राक्षसी उंची, आणि वाढीचं हार्मोन पुढेही चालू राहिलं तर जबडा-हात-पाय जाड होतात, हृदय फुगतं. लवकर दिलं तर पाच फुटांच्या आतली फौज.

क्लोन लवकर म्हातारे होतात का?

दरवेळी होतातच असं नाही. डॉलीच्या गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, वयाच्या मानानं आखूड होती, त्यावरून ही समजूत पसरली. पण २०१६ मध्ये सात ते नऊ वर्षांच्या तेरा क्लोन मेंढ्या तपासल्या, त्यातल्या चार डॉलीच्याच पेशींपासूनच्या होत्या, आणि त्या वयाप्रमाणे ठणठणीत निघाल्या. जपानमध्ये एका उंदराचा क्लोन, त्या क्लोनचा क्लोन असं करत २०१३ पर्यंत पंचवीस पिढ्या झाल्या होत्या.

झटपट वाढीचा प्रश्न निराळा आहे. प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल करताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करायला पेशीला वेळ लागतो. तो वेळच काढून घेतला तर कर्करोग लवकर येईल. क्लोन शिपाई विशीत दिसत असताना रक्ताच्या कर्करोगानं जातो, हे त्याच्या अकाली पांढऱ्या केसांपेक्षा जास्त खरं आहे.

मेंदू? आठवणी भरता येतील?

इथे सगळ्या कथा अडकतात, आणि अडकायलाच हव्यात. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. त्या बनतात लवकर, बहुतेक जन्माआधी. त्यांच्या जोडण्या मात्र जगण्यातून घडतात. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे शिवून ठेवला. नंतर टाके काढले तरी मेंदूला त्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं, डोळा धड असूनही. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं. वर्षभर अंधाऱ्या टाकीत वाढलेल्या क्लोनाचं तेच होईल, आणि फक्त डोळ्यांचं नाही. भाषा ऐकली नाही तर भाषा नाही. कुणी उचलून घेतलं नाही तर विश्वास टाकणं नाही. चेतातंतूंवरचं आवरण पूर्ण व्हायला माणसाला पंचविशी गाठावी लागते, आणि सर्वांत शेवटी तयार होतो तो कपाळामागचा भाग, जो आवेग आवरतो.

म्हणून ‘प्रशिक्षण टाकीतच झालं’ हे वाक्य लिहू नका. निदान टाकीत प्रकाश, आवाज आणि स्पर्श कसा पोचतो ते लिहा. आठवणी ओतणारं यंत्र हवंच असेल तर त्याच्यावरही मर्यादा घाला. हात चालवण्याचं कौशल्य बसतं पण कारण समजत नाही, किंवा दात्याच्या आठवणीतला गंध आठवतो आणि तो कशाचा हे कळत नाही.

टाकीतून काढल्यावर पहिल्या दिवशी काय होतं?

काढण्याआधी दोन-तीन आठवडे वाढ पूर्ण थांबवून ज्वलन खाली आणावं लागतं. नाहीतर कधीही न वापरलेल्या फुप्फुसांवर एकदम भार पडतो. फुप्फुसं द्रवानं भरलेली असतात. गर्भात हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमध्ये भोक असतं, शिवाय फुप्फुसाला वळसा घालणारी रक्तवाहिनी. बाळाच्या पहिल्या श्वासानंतर त्या वाटा बंद व्हायला लागतात. प्रौढ आकाराच्या शरीरात त्या तशाच उघड्या राहिल्या तर ओठ निळे पडतील. मग नाळ लगेच कापायची नाही. श्वास जमेपर्यंत ती चालू ठेवायची.

उभं केलं तर रक्त पायांत उतरून तो कोसळेल. आधी तिरप्या पलंगावर, दिवसागणिक थोडं थोडं. आतड्यांनी अन्न पाहिलेलं नाही, तासाला १०-२० मिलिलिटर दुधापासून सुरुवात. काच फोडून बाहेर उडी मारणारा आणि बंदूक उचलणारा क्लोन शक्य नाही.

एकाच जनुकांची फौज आजारांपुढे टिकेल का?

बडोदा, आणंद, भरूच या पट्ट्यात केळी लावणाऱ्याला हे समजावायची गरज नाही. टिश्यू कल्चरची केळीची रोपं एकमेकांची क्लोनच असतात. बाग एकाच वेळी कापणीला येते, आणि रोग आला तर तोही सगळ्या बागेला एकदम येतो. विसाव्या शतकाच्या मध्यात जगाच्या बाजारातली ग्रो मिशेल ही जात पनामा रोगानं अशीच संपली.

सैनिकांचंही तसंच. जंतू ओळखणारी प्रथिनं सगळ्यांची सारखी, त्यामुळे एकाला चकवणारा विषाणू सगळ्यांना चकवतो. त्यात टाकीतल्या बाळाला आईकडून वारेतून मिळणारी प्रतिपिंडं मिळालेली नसतात, आतड्यात उपयुक्त जिवाणूही नसतात. बाहेर काढण्याआधी रक्तदात्यांच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं, बाहेर काढल्यावर सगळ्या लसी. शहाणा सेनापती एकाऐवजी वीस दात्यांचे क्लोन बनवेल आणि प्रत्येक तुकडीत मिसळेल.

काही फायदा?

अवयव. बॉस्टनमध्ये १९५४ मध्ये यशस्वी झालेलं पहिलं मूत्रपिंडरोपण जुळ्या भावांतलं होतं, म्हणूनच ते टिकलं. क्लोन एकमेकांना रक्त, त्वचा, मूत्रपिंड देऊ शकतात. या सोयीतून छावणीत काय सुरू होईल याचा विचार लेखकानं करावा.

चौकीवर कोण कुठला हे कसं ओळखायचं?

चेहऱ्यानं नाही, नेहमीच्या डीएनए तपासणीनंही नाही. बोटांचे ठसे आणि बुबुळांची नक्षी मात्र प्रत्येकाची वेगळी असते, जुळ्यांचीही. आधारच्या यंत्रावर दहा हजार क्लोन दहा हजार वेगळी माणसं ठरतील.

कारखाना बडोद्याजवळ दाखवला तर चालेल?

उत्तम चालेल, जागा नीट निवडली तर. बाजव्याला खताचा मोठा कारखाना, कोयलीला तेलशुद्धीकरण, नंदेसरीला रसायनं, मकरपुऱ्याला यंत्रं बनवणारे. नळ्या, टाक्या, वायू सगळं आसपास मिळतं. पेशी गोठवायला उणे १९६ अंशाचा द्रवरूप नायट्रोजन लागतो, आणि गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी आणंदच्या बाजूला तो रोजच्या व्यवहारातला आहे. दुधाच्या गावांत फिरणाऱ्या नायट्रोजनच्या कॅनमधून मानवी पेशींची वाहतूक होते आहे असं लिहिलंत तर कोणाला संशयही येणार नाही. शास्त्रज्ञ पात्र महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागातलं असू द्या.

दहा हजार टाक्या आणि तीस दिवसांचा हट्ट धरला तर ३.३ मेगावॅट उष्णता काढावी लागेल, वातानुकूलनाच्या भाषेत सुमारे ९४० टन. मे महिन्यात बडोद्याची हवा ४२ अंशांवर, टाकी ३७ वर. म्हणजे नुसत्या पंख्यानं टाकी उलट तापेल. पाणी उडवून गार करणारे मनोरे लागतील आणि ते दिवसाला सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी पितील. शहराच्या पुरवठ्यापुढे एवढं पाणी किरकोळ आहे, त्यावरून गुपित फुटणार नाही. ऑक्सिजन मात्र द्रवरूपात रोज १९ टन, म्हणजे दररोज गेटमधून एक मोठा टँकर. २०२१ च्या कोविडच्या लाटेनंतर असा टँकर लोकांच्या नजरेतून सुटत नाही.

विश्वामित्रीच्या काठी मात्र बांधू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिच्या पुरात शहराचे कितीतरी भाग बुडाले आणि मगरी वस्तीत आल्या. जनरेटर तळघरात असेल तर सगळ्या टाक्या एका रात्रीत जातील. सावली-हालोलच्या बाजूची उंच जमीन बरी.

रक्तबीज आणि कौरव ही क्लोनिंगची उदाहरणं म्हणावीत का?

तंत्रज्ञानाचा पुरावा म्हणून नाही. कल्पना म्हणून दोन्ही भक्कम आहेत आणि मराठी लेखकानं ती वापरावीत. देवीमाहात्म्याच्या आठव्या अध्यायात रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तितक्याच ताकदीचा दुसरा उभा राहतो. तिथे वाढीला वेळच लागत नाही, आणि उपायही पुरवठ्यावरचा आहे: थेंब जमिनीला लागूच द्यायचा नाही. युद्धनीती म्हणून हे अचूक आहे. क्लोनांची फौज रणात हरवता येत नसेल तर अंडपेशी, ऑक्सिजन, कॅल्शियम तोडा.

आदिपर्वात गांधारीच्या मांसपिंडाचे १०१ भाग करून तुपाच्या कुंडांत ठेवतात. शरीराबाहेर, वेगवेगळ्या भांड्यांत वाढ, हे टाकीचंच चित्र. पण एका गर्भाचे तुकडे एकसारखे निघाले असते. इथे शंभर भाऊ वेगवेगळ्या स्वभावाचे, आणि एक बहीण, दुःशला.

कायद्यात क्लोन सैनिक कोण ठरेल?

भारतात माणसाचं पुनरुत्पादक क्लोनिंग २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. ते बाजूला ठेवलं तरी वयाचा प्रश्न राहतो. टाकीतून निघालेला पाच फूट आठ इंचांचा जवान जन्मतारखेनं एक वर्षाचा आहे. अठरा वर्षांखालचं कोणीही आपल्या कायद्यात बालक, सैन्यभरतीचं किमान वय साडेसतरा. अठरा वर्षांखालच्यांना प्रत्यक्ष लढाईत उतरवू नये असा संयुक्त राष्ट्रांचा करार २००० सालचा आहे. म्हणजे ही सगळी फौज बालसैनिकांची. आम्ही ही शब्दांची कसरत मानत नाही; मेंदूच्या प्रश्नात सांगितलं तसं तो खरोखरच लहान मूल आहे, फक्त त्याचे हात मोठे आहेत.

दाता आणि क्लोन यांचं नातं काय लागतं?

जनुकांच्या हिशोबानं भाऊ. दात्याचे आईवडील हेच क्लोनाचेही जन्मदाते. घरात तो दात्याला दादा म्हणेल, बाबा नाही. पुढे क्लोनाला मूल झालं तर नेहमीची डीएनए तपासणी त्या मुलाचा बाप दाता की क्लोन हे सांगू शकणार नाही. रावपुऱ्यातल्या वाड्याच्या वाटणीचा दावा यावर वर्षानुवर्षं चालेल. दाता आणि क्लोन समोरासमोर उभे असतील तर मायटोकॉन्ड्रियाच्या तपासणीनं त्यांच्यातला कोण कोण ते कळेल, कारण अंडपेशी वेगळ्या स्त्रीची होती. पण मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच उतरतात, त्यामुळे मुलांच्या बाबतीत तीही तपासणी उपयोगाची नाही.